गिरगाव-दादर भाडेकरूंनीच वसवलं

माझी भाची परळच्या एका इस्पितळात स्टाफ नर्स आहे. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं आणि महिन्याभरात घरात बैठक बसली, घर कुठे घ्यायचं म्हणून. जावई अंधेरीला एमआयडीसीत नोकरीला. बैठकीत पहिला प्रश्न निघाला बजेटचा, दुसरा कर्जाचा. बदलापूरला वन बीएचके ३५ लाखांत बसत होता. ७ लाख हातात, २८ लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज, हप्ता २४ हजारांच्या थोडा वर. सगळ्यांच्या माना डोलल्या. तास-दीड तास हे बोलणं चाललं होतं. तिची सकाळची ड्यूटी सातला सुरू होते, ही गोष्ट तेवढ्या वेळात एकाच्याही तोंडून निघाली नाही.

शेवटी मीच विचारलं, सातला वॉर्डात हजर व्हायचं तर बदलापूरहून निघणार किती वाजता? बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. गाडीतच सव्वा तास जातो. घर ते स्टेशन, पूल, गाडीची वाट, उतरल्यावरचं चालणं धरलं की दोन तास. म्हणजे पावणेपाचला घर सोडायचं आणि चारला उठायचं. जाऊन-येऊन रोजचे चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस, एकूण शंभर तास. तिची नोकरी महिन्याला दोनशे तासांची. दर दोन तासांच्या कामामागे एक तास नुसता लटकण्यात.

“मावशी, सगळेच करतात की,” ती म्हणाली.

सगळेच करतात, आणि मला तेच सलतं. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींच्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यांतली काही जिवाला मुकली. तीही कामावरच निघालेली होती. त्यानंतर आठवडाभर दारं बंद करण्यावर, गाड्या वाढवण्यावर चर्चा झाली. इतक्या माणसांना रोज इतक्या लांबून यावं का लागतं, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आलाच नाही.

माझं म्हणणं असं आहे की मुंबईत आपण घर निवडतो, वस्ती निवडत नाही. मालकीचं घर जिथे परवडेल तिथे जातो आणि मग तिथल्या आयुष्याशी जमवून घेतो. वस्ती निवडायची मुभा सामान्य पगाराच्या माणसाला फक्त भाड्याचं घर देऊ शकतं. पण आपल्या घरांत भाड्याने राहण्याला कमीपणा मानतात आणि सरकारने ती सोय गेल्या पाऊणशे वर्षांत मोडीत काढली. या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

मी गिरगावात वाढले. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, दोन खोल्या, संडास मजल्याच्या टोकाला. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, फोर्टात नोकरीला होते आणि चालत जात. साडेसहाला घरी येत, चहा घेत आणि मला गणिताला बसवत. १९८७ साली त्यांनी त्या खोल्या विकल्या, मालकाचा हिस्सा त्याला दिला आणि उरलेल्या पैशांत डोंबिवलीला स्वतःचा ब्लॉक घेतला. दारावर पितळी पाटी लागली. ती पाटी लावताना अण्णांचा चेहरा कसा फुलला होता ते मला आजही दिसतं, आणि त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. पण माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. त्याला गणित अण्णांनी शिकवलं नाही. ते घरी येत तेव्हा तो झोपलेला असे. एकाच बापाची दोन मुलं, एकीला रोजचा बाप मिळाला आणि दुसऱ्याला रविवारचा. मधे बदललं होतं ते फक्त घराचं ठिकाण.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग यांच्या आठवणी आपण फार काढतो. गणपती, दिवाळी, व्यायामशाळा, वाचनालयं, चाळीचा सख्खा शेजार. मराठी माणूस तिथून हटला याची हळहळही पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्या हळहळीत एक साधी गोष्ट विसरली जाते. त्या सगळ्या वस्त्या भाडेकरूंच्या होत्या. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूला मोकळी जमीन आखून भूखंड पाडले, लोकांनी ते भाडेपट्ट्याने घेऊन तीन-चार मजली इमारती उभ्या केल्या आणि त्यांतले ब्लॉक भाड्याने दिले. तिथे राहायला आलेले मास्तर, कारकून, वकील हे मालक नव्हते. गिरणगावातल्या चाळींतही मालक एक आणि बिऱ्हाडं शंभर. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी तर १९२०च्या दशकात सरकारनेच बांधल्या. २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि घरमालक सरकार. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी वसाहती उभारल्या, तिथेही कितीतरी घरं आधी भाड्यानेच दिली गेली. मालकी फार नंतर आली.

खिशात पैसे नसलेला माणूस शहराच्या पोटात राहू शकत होता तो भाड्याच्या घरामुळे. कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा आधी गाळ्यात, मग खोलीत, मग जमलं तर दादरच्या ब्लॉकमध्ये सरकत जाई. नोकरी बदलली की बिऱ्हाड बदले. बिऱ्हाड हा शब्दच बघा, आता लग्नपत्रिकेतही उरला नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला मुंबईत वस्ती निवडता येत होती. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त पैसे असूनही ती आपल्याला निवडता येत नाही.

हे मोडलं कसं? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. तेव्हा ते गरजेचंच होतं. युद्धाची महागाई होती, फाळणीने माणसांचे लोंढे शहरात आले होते, घरमालक अडवणूक करत होते. चूक पुढे झाली. ती पातळी हललीच नाही. भाडं वीस-पंचवीस रुपयांवर थांबलं आणि विटा, सिमेंट, मजुरी वाढत गेली. मालकांनी डागडुजी सोडली, इमारती कोसळू लागल्या. १९६९ साली सरकारला दुरुस्तीसाठी उपकर बसवावा लागला. भाड्याने द्यायला नवी इमारत बांधावी असं मग कुणालाच वाटेना. जी बांधायची ती विकायला. १९९९च्या नव्या कायद्याने, जो ३१ मार्च २०००पासून लागू झाला, जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण तोवर शहराची सवयच बदलली होती. देशभरच्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ साली ५४ टक्के होता, तो २०११मध्ये २८ टक्क्यांवर आला. आणि त्याच २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी सापडली, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. एका घरात चार माणसं धरा. एकोणीस लाख माणसांची जागा कुलपात, आणि माझ्या भाचीने बदलापूरला जायचं.

आम्ही मात्र गेल्या जुलैत भाड्याचं घर शोधायला निघालो. मुद्दाम जुलैत. मुंबईत घर बघायचं तर पावसात बघावं, उन्हाळ्यात प्रत्येक तळमजला कोरडा असतो. कुर्ल्याला एका तळमजल्यावरच्या खोलीत एजंट आम्हाला घेऊन गेला. नवा रंग, नवा नळ, भिंतीवर कालनिर्णय, पण टांगलेलं कुठे तर गुडघ्याएवढ्या उंचीवर. भाचीने वाकून ते उचललं. मागे रंगाला फुगे आलेले आणि भिंतभर एक तपकिरी रेघ, फूटपट्टीने मारावी तशी सरळ. पाणी चढतं तिथपर्यंतची. समोरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, “पाणी येतं का हो आत?” एजंटकडे न बघता त्या म्हणाल्या, “दर वर्षी नाही. पण आलं की गॅस पलंगावर ठेवायचा.” ज्यांनी २६ जुलै २००५चा पाऊस पाहिलाय, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

वस्ती पारखायची म्हणजे हेच. सकाळी सहाला आणि रात्री अकराला तिथे एकदा उभं राहायचं, दिवे कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते बघायचं. पाणी किती वाजता येतं हे एजंटला विचारून उपयोग नाही, जिन्यावर भेटेल त्या बाईला विचारायचं. दहा मिनिटं चालून काय काय गाठता येतं ते मोजायचं: भाजी, दवाखाना, बालवाडी, बसचा थांबा, बसायला एक बाक. स्क्वेअर फूट मोजायची सवय आपल्याला बिल्डरांनी लावली. मला ही दहा मिनिटं त्याहून मोठी वाटतात, कारण माणूस खोलीत झोपतो, पण जगतो त्या दहा मिनिटांत. डोंबिवली, बदलापूर, विरारला चांगल्या वस्त्या नाहीत असं मी म्हणत नाही. डोंबिवलीत मी तेवीस वर्षं राहिले आणि त्या गावाने मला भरभरून दिलं. ज्यांचं काम ठाण्यात, कल्याणात, अंबरनाथच्या कारखान्यांत आहे त्यांच्यासाठी तीच योग्य वस्ती. वस्ती चांगली की वाईट हे तुमचं रोजचं काम कुठे आहे त्यावर ठरतं, पत्त्याच्या रुबाबावर नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी, सोसायटीचं नाव मी घेत नाही, घर पसंत पडलं होतं, भाडं ठरलं होतं. चिटणीस आले आणि विचारलं, “मच्छी वगैरे करता का?” भाची म्हणाली, करतो. संध्याकाळी एजंटचा फोन आला की मालकांनी विचार बदलला. तिला ते फार लागलं. आपण आपल्याच शहरात असं ऐकतोय, म्हणाली. मलाही लागलं. पण मी तिला एक आठवण करून दिली. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पंधरा वर्षांपूर्वी एक मुसलमान डॉक्टर जोडपं घर बघायला आलं होतं, आणि त्यांना नको म्हणणाऱ्यांत आमच्यासारखी मासे खाणारी मराठी घरंच पुढे होती. मी तेव्हा सभेत गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते. माणसाला ताटावरून किंवा आडनावावरून वस्ती नाकारणं चूक असेल तर ते प्रत्येकाच्या बाबतीत चूक आहे, फक्त आपल्याला नाकारलं तेव्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारी उपविधी, म्हणजे सोसायटीचा अंतर्गत नियम, वैध ठरवली. त्या निकालामुळे नाकारणाऱ्यांना बळ मिळालं असं माझं मत आहे. त्यावर उपाय कायदेमंडळातच होऊ शकतो. राज्याने सहकार कायद्यात स्पष्ट तरतूद करावी की सोसायटीला भाडेकरूचा धर्म, जात, भाषा, आहार विचारता येणार नाही. ही मागणी एकाही मोठ्या पक्षाने लावून धरलेली मला दिसत नाही.

शेवटी सायनला प्रतीक्षानगरात घर मिळालं. म्हाडाची इमारत, तिसरा मजला, छोटं घर, भाडं २४ हजार. म्हणजे बदलापूरच्या हप्त्याएवढंच. भाची बसने परळला जाते, अर्ध्या-पाऊण तासात पोचते. जावई दादरला जाऊन मेट्रो तीन पकडतो. ऑक्टोबर २०२५पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आणि एमआयडीसी अंधेरीला त्याच्या कामाजवळ सोडते.

“पण हे चोवीस हजार वाया जातायत,” तिच्या सासूबाई म्हणतात, आणि त्या काही चुकीच्या हेतूने म्हणत नाहीत. हप्ता भरला तर घर आपलं होतं, भाडं भरलं तर मालकाचं. हा हिशेब अर्धा आहे. मुंबईत भाडं घराच्या किमतीच्या वर्षाला दोन-तीन टक्के पडतं आणि कर्जाचं व्याज त्याच्या दुपटीहून जास्त. प्रतीक्षानगरचं तेच घर विकत घ्यायचं तर तिला शक्यच नाही, पण भाड्याने ती त्यात राहू शकते. शिवाय बदलापूरच्या हप्त्यात महिन्याचे शंभर तास धरलेले नसतात. त्या तासांचं मोल कुणी करावं? माझ्या भावाला विचारा.

मात्र सासूबाईंच्या म्हणण्यातली एक गोष्ट पूर्ण खरी आहे, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय भाड्याच्या घराची बाजू घेणं अप्रामाणिकपणाचं होईल. अकरा महिन्यांच्या करारावर संसार होत नाही. दर वर्षी मालक वाढवून मागणार, नाहीतर ‘मुलगा येतोय’ म्हणून घर रिकामं करा सांगणार. पुन्हा एजंटची दलाली, पुन्हा डिपॉझिट, पोरांची शाळा बदला, गॅसचा पत्ता बदला. आणि म्हातारपणी, पगार थांबल्यावर, भाडं कोण देणार? या भीतीनेच माणसं बदलापूर गाठतात. ती भीती भाबडी नाही.

पण ती दूर करता येण्याजोगी आहे. कराराचे अकरा महिने ही निव्वळ सवय आहे, कायद्याने ती सक्ती केलेली नाही. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराला, मुद्रांक शुल्काचा दर एकच, पाव टक्का. मालकांना वाटतं माणूस बसला की उठणार नाही. ही धास्ती जुन्या कायद्याच्या काळातली. १९९९च्या कायद्याच्या कलम २४प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो आणि जास्तीच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागू शकतो. हे किती मालकांना माहीत आहे? सरकारने पहिलं काम करावं ते हे: तीन आणि पाच वर्षांच्या करारांचा सोपा नमुना काढावा, त्यात वार्षिक वाढ आधीच लिहिलेली असावी, आणि असा करार करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सूट द्यावी. वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेल्या घरावर तो कर वाढवावा. आणि सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवावी, म्हणजे मालकाचा भरवसा कागदावर राहणार नाही.

त्याहून मोठं काम सरकारने पुन्हा घरमालक होण्याचं. मागे एक प्रयत्न झाला होता. २००८ साली एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना आणली, १६० चौरस फुटांची. बीडीडी चाळीनंतर ऐंशी वर्षांनी पुन्हा १६०च! ती गुंडाळली गेली. पनवेलजवळ कोनला त्या योजनेत बांधलेल्या खोल्या दोन-दोन जोडून शेवटी गिरणी कामगारांना विकत दिल्या. ज्यांचं आयुष्य लालबाग-परळात गेलं त्यांना पनवेलच्या पलीकडे घर. बाकीच्यांसाठी बदलापूरच्याही पलीकडच्या शेलू-वांगणीचं नाव निघालं तेव्हा जुलै २०२५मध्ये ते म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात येऊन बसले, आम्हाला मुंबईतच घर द्या म्हणून. गिरण्यांची सहाशेएक एकर जमीन याच शहराच्या मध्यावर होती. तानसा जलवाहिनीवरून हलवलेल्या कुटुंबांना माहूलला रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं, तिथली हवा इतकी वाईट की उच्च न्यायालयाला मधे पडावं लागलं. आता धारावीतल्या अपात्र ठरलेल्यांसाठी भाड्याची घरं बांधायची म्हणतात, ती मुलुंड-भांडुप-कांजूरच्या मिठागरांवर आणि देवनारच्या डम्पिंग ग्राउंडच्या जमिनीवर. भाड्याचं घर म्हटलं की सरकारच्या नजरेला शहराची कडच का दिसते? ज्याला विकत घेता येत नाही त्यालाच कामाजवळ राहण्याची सर्वांत जास्त गरज असते.

बीडीडीबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि शंभर वर्षं त्या खोल्यांत काढलेल्या घरांना ते मिळायलाच हवं होतं. पण त्या दिवसापासून सरकार वरळीतून घरमालक म्हणून बाहेर पडू लागलं. उद्या परळच्या इस्पितळात नवी नर्स रुजू होईल, नायगावला नवा शिपाई येईल, बेस्टच्या आगारात नवा कंडक्टर येईल. त्यांच्यासाठी शहराच्या मध्यावर सरकारी भाड्याची एकही नवी खोली मला दिसत नाही. पुनर्विकासात विक्रीला काढलेल्या मजल्यांपैकी दहातला एक मजला कायम भाड्याने देण्यासाठी राखून ठेवला असता तर? पूर्व किनाऱ्यावर मुंबई बंदराची, पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची, जमीन अजून शिल्लक आहे. तिच्यावर पुढे काय होणार हे ठरतंय ते आपल्या डोळ्यांदेखत, आणि तिथे मरीना आणि मनोरे यांच्या आधी भाड्याच्या वसाहतींचं बोलणं व्हायला हवं.

परवा मी भाचीबरोबर तिच्या घरमालकांना भेटायला गेले. निवृत्त गृहस्थ, बोरिवलीला राहतात, सज्जन आहेत. आम्ही म्हटलं, तीन वर्षांचा करार करू या, दर वर्षी पाच टक्के वाढ आत्ताच लिहून ठेवा. ते म्हणाले, “ताई, तुम्ही चांगली माणसं आहात, पण लोक सांगतात, अकराच्या वर जाऊ नका.” मी कलम २४ मराठीत छापून नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मुलाला विचारून सांगतो म्हणाले.

करार १४ जुलैला संपतो. भाचीचे दिवस ऑगस्टमध्ये भरतात.